कोकणात तंबू टाकताना: जागा, वारा, धुरी आणि डासांवरचे घरगुती उपाय

दिवाळी आटोपली की तंबू घेऊन कोकणात उतरणाऱ्यांची रीघ लागते. त्यातले बरेच जण पहिल्याच रात्री डासांनी हैराण होतात आणि पहाटे गाडीच्या काचा लावून आत घामाघूम झोपतात. क्रीम, कॉइल, स्प्रे सगळं सोबत असतं, पण तंबू लावलेला असतो खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या चिखलट पाणथळीच्या काठावर, दिवा टांगलेला असतो तंबूच्या दारात आणि मासळी साफ केलेलं पाणी ओतलेलं असतं चार पावलांवर. अशा ठिकाणी कुठलंही क्रीम पुरं पडत नाही. जागा, वारा आणि वेळ या तीन गोष्टी आधी जमवा, तेल-धुरी त्यानंतर. हा क्रम पाळलात तर घरगुती उपायही चांगले लागू पडतात. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

कधी यायचं

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी अखेर हा नवख्यांसाठी सगळ्यात सुखाचा काळ. ऑक्टोबरमध्ये किनारा हिरवागार आणि सुंदर दिसतो खरा, पण पावसाची डबकी अजून आटलेली नसतात, भात कापणीला आलेलं असतं, आणि डास भरात असतात. मार्चपासून उकाडा वाढतो, तंबूत दुपारी बसवत नाही. मे महिन्यात आंबे-फणसांच्या मोहाने यायचं तर या, पण माश्यांची तयारी ठेवून. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर तंबू टाकू नका. समुद्र, वारा आणि पाऊस तिघेही त्या दिवसांत तुमचं ऐकणारे नाहीत.

जागा कशी निवडायची

पहिली गोष्ट परवानगी. किनाऱ्यालगतची सुरूची बनं बहुतेक ठिकाणी वनखात्याच्या ताब्यात आहेत, आणि सुरूची वाळलेली सुयांसारखी पानं ठिणगीने भडकतात. तिथे चूल मांडायची नाही, न विचारता तंबूही टाकायचा नाही. ग्रामपंचायतीत विचारा. त्याहून सोपं म्हणजे समुद्राजवळ ज्यांचं आगर किंवा वाडी, म्हणजे नारळी-पोफळीची बाग आहे अशा घरी रीतसर पैसे देऊन एक कोपरा मागा. विहिरीचं पाणी, संडास-मोरी आणि अडीअडचणीला हाक मारायला माणसं, हे तिन्ही मिळतं. मुलंबाळं सोबत असतील तर दुसरा विचारच करू नका.

पुळणीवरच झोपायचं असेल तर भरतीचा हिशेब शिकून घ्या. आमच्याकडे तो तिथीवरून करतात. तिथीचा आकडा पाऊणने गुणायचा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी-मध्यरात्री बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे रात्री तुम्ही गाढ झोपलेले असताना पाणी वर येणार, आणि त्या दिवशी उधाणही असणार. हा अंदाज झाला. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून बंदरावरच्या कोळ्यांना एकदा विचाराच. वाळूवर सुकलेलं शेवाळ, काटक्या आणि प्लास्टिकची एक रेघ पडलेली असते, तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. तंबू त्या रेघेच्या बराच वर, चढाच्या माथ्यावर हवा.

आता वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलेले आठवत असतील. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. या दोन्हींच्या मध्ये, दिवेलागणीच्या सुमाराला, वारा थोडा वेळ अगदी पडतो. झावळीचं टोकसुद्धा हलत नाही. किनाऱ्यावर सगळ्यात जास्त चावे त्या वेळात बसतात. डास आणि वाळूतल्या बारीक चावऱ्या माश्या दोघेही उडण्यात दुबळे. वारा असेपर्यंत ते पाना-गवताला धरून बसतात, वारा पडला की निघतात.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. एक, तंबूची दारं-खिडक्या समुद्र आणि डोंगर अशा दोन दिशांना येतील असा तो लावा, म्हणजे दिवसाचा आणि रात्रीचा दोन्ही वारे आरपार जातील. दोन, रात्री वारा जमिनीकडून येणार असल्यामुळे तंबूच्या पूर्वेला काय आहे हे नीट पाहा. तिकडे खाजण, पाणी साचलेलं भातशेत किंवा गावाचं गटार असेल तर तिथले डास तो वारा थेट तुमच्याकडे घेऊन येईल. मोकळी पुळण, कोरडा कातळ किंवा उंचवटा असेल तर उत्तम. खाडीच्या मुखापासून आणि खारफुटीपासून निदान अर्धा किलोमीटर तरी लांब राहा.

वाळूतल्या चावऱ्या माश्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण शहरातल्या लोकांना त्या माहीतच नसतात. आकाराने मोहरीच्या दाण्याहूनही लहान. पायाच्या घोट्याशी काही चावल्यासारखं वाटतं, वाकून पाहावं तर काही दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तांबडे फोड येऊन आठवडाभर खाज सुटते. ओली रेती, चिखल आणि कुजलेलं शेवाळ ही त्यांची वाढायची जागा. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून त्या आरामात आत येतात, म्हणून तंबू घेतानाच त्याची जाळी बारीक विणीची आहे ना ते बघा. कुजक्या शेवाळाचा ढीग दिसला की तिथून सरळ पुढे चालू पडा.

वाडीत मुक्काम असेल तर सामान उतरवायच्या आधी एक फेरी मारा. प्यायलेली शहाळी, नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या (झावळीच्या बुडाचा रुंद भाग), कोपऱ्यातला जुना टायर, शिंपण्याच्या पाण्याची दोण, सगळीकडे वाकून बघा. विरी होडीसारखी खोलगट असते, तिच्यात ओंजळभर पाणी सहज राहतं. त्यात बारीक धाग्यासारख्या अळ्या वळवळताना दिसल्या आणि सावली पडताच त्या तळाला गेल्या, तर त्या डासांच्याच. उबदार दिवसांत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. घरच्यांना सांगून विऱ्या पालथ्या करा, शहाळी फोडून उन्हात टाका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, थोड्याशा पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. म्हणून दुपारी वाडीच्या सावलीत झोप काढायची असेल तेव्हाही अंगाला काहीतरी लावलेलं हवं. दोणीसारखं काढून टाकता न येणारं पाणी असेल तर गप्पी मासे सोडलेले चांगले. ते आरोग्य खात्याकडून मिळू शकतात, घरमालकांना तेवढं सुचवा.

तंबू, अंथरूण आणि झोप

वाळूत तंबूचे खिळे टिकत नाहीत, जोराचा वारा आला की उपटून येतात. त्यावर सोपा उपाय आहे. रिकाम्या कापडी पिशव्यांत वाळू भरायची, तंबूची दोरी पिशवीच्या गळ्याला बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरून वर वाळू दाबायची. तंबूखाली ताडपत्री घाला, पण ती तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर दंवाचं पाणी तिच्यावरून आत उतरतं. किनाऱ्यावर हिवाळ्यात दंव भरपूर पडतं, सकाळी तंबू पाऊस पडल्यासारखा निथळतो. वरचं आच्छादन लावाच, आणि आतल्या जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवा. त्या बंद केल्या तर श्वासाची वाफ आतून थेंब धरते.

वाळूसारखी गादी नाही. झोपण्यापूर्वी तंबूच्या तळावरूनच कमरेच्या आणि खांद्याच्या जागी वाळू दाबून थोडा खळगा करा, पाठ दुखणार नाही. वाडीतल्या कठीण जमिनीवर झावळ्यांचे विणलेले झाप अंथरा, त्यावर चटई. भाताचा पेंढा मऊ असतो, पण गोठ्याजवळ पडलेला असेल तर त्यात गोचीड आणि पिसवा असतात. तो नकोच.

दोन माडांच्या मध्ये झोळी बांधायची हौस सगळ्यांना असते. नारळ लागलेल्या माडाखाली बांधू नका, बसूसुद्धा नका. सुकलेला नारळ किंवा झावळी पडायला वाऱ्याचीही गरज लागत नाही. सुरूची किंवा काजूची जाड खोडं पाहा, आणि काजूवर पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी नाहीत ना हे आधी तपासा.

पाय धुवायला तंबूच्या दाराशी बादली आणि तांब्या ठेवा, शेजारी गोणपाट. हे क्षुल्लक वाटतं, पण अंथरुणात वाळू आणि अंगावर समुद्राचं मीठ घेऊन झोप लागत नाही, आणि घामट अंगावर डासही जास्त येतात. संध्याकाळी विहिरीवर गोड्या पाण्याने अंघोळ, सैल सुती पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, पायात मोजे. गडद रंगाकडे डास अधिक ओढले जातात. आणि चेनची शिस्त अशी की एकाने उघडायची, सगळ्यांनी एकदम आत यायचं, लगेच लावायची. झोपण्यापूर्वी आतल्या कोपऱ्यांत टॉर्च फिरवून आत आलेले मारून टाका. चार्जिंगचा छोटा पंखा असेल तर तो पायांकडून अंगावर येईल असा ठेवा. त्या वाऱ्यात डासाला अंगावर टेकता येत नाही, आणि माझ्या मते विकत घ्यायच्या सगळ्या वस्तूंत हीच सगळ्यात उपयोगी.

दिव्याचं थोडं. पांढऱ्या, निळसर दिव्याकडे कीटक झुंडीने येतात, पिवळ्याकडे बरेच कमी. तंबूत पिवळा मंद दिवा, तोही लागेल तेवढाच. पांढरा दिवा लावायचाच असेल तर तंबूपासून वीस-पंचवीस पावलं लांब, आडबाजूला टांगा, पतंग-पाखरं तिकडे जातील. मात्र समुद्राकडे तोंड करून प्रखर दिवा कधीच नको. वेळास, आंजर्ले आणि आणखी कितीतरी किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि पिल्लं बाहेर पडल्यावर उजेडाच्या दिशेने चालतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जपली आहेत. अशा किनाऱ्यावर रात्री शेकोटी नाही, टॉर्च नाही, आणि घरट्यांच्या कुंपणाजवळ तंबू तर नाहीच.

धुरी

कोकणातल्या जुन्या घरांत तिन्हीसांजेला गोठ्यात आणि पडवीत धुरी करतात. गुरांना डास-गोमाश्यांपासून तिचाच आधार. तंबूभोवती तीच करायची. लागणाऱ्या गोष्टी वाडीतच मिळतात: एक जुनं घमेलं, नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं), दोन-तीन शेणी आणि निर्गुडीचा ओला पाला. निर्गुडी पऱ्याच्या, म्हणजे ओहोळाच्या काठाने, कुंपणाला सापडते. बोटांसारखी पाच पानं, मागून पांढुरकी, चुरगळली की उग्र वास.

घमेल्यात तळाला थोडी वाळू घाला. त्यावर कोरडी सोडणं पिंजून पेटवा. ज्वाळा चांगली धरली की शेणीचे तुकडे लावा आणि पाच-सात मिनिटं निखारा होऊ द्या. मग ओलसर सोडणं वरून दाबून बसवा, ज्वाळा विझेल आणि दाट पांढरा धूर सुरू होईल. त्यावर निर्गुडीचा मूठभर पाला, अधूनमधून. पुन्हा ज्वाळा दिसली की ओलं सोडण आणखी दाबायचं. सोडण ज्वाळेशिवाय तासन् तास धुमसतं, धुरीसाठी त्याहून चांगलं जळण नाही.

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी सुरुवात करा. घमेलं तंबूपासून दहा-बारा फुटांवर, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला. म्हणजे संध्याकाळी समुद्राकडे. वारा फिरला की घमेलं जमिनीच्या बाजूला न्यावं लागेल, म्हणून त्याला धरायला ओला फडका आणि सोबत एक माणूस ठेवा. झोपायच्या आधी पाणी ओतून, काठीने ढवळून पूर्ण विझवा.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. धुरी, शेगडी, कॉइल, निखारा यांतलं काहीही तंबूच्या आत न्यायचं नाही, थंडी वाजली तरी नाही. बंद तंबूत कोंडलेल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. दुसरं, धुरी करण्यापूर्वी मान वर करून झाडं बघा. उंच फांदीला किंवा जवळच्या कड्याला आग्या मोहोळ लटकत असेल तर तिथे धूर अजिबात नको. किल्ल्यांच्या तटाखाली मुक्काम करणाऱ्यांनी हे विशेष पाळावं. उठलेल्या आग्यामाश्या बऱ्याच अंतरापर्यंत पाठलाग करतात. दमा असलेलं कोणी सोबत असेल तर धुरी सोडून द्या आणि पंखा, जाळी, क्रीम यांवर भागवा.

अंगाला लावायचं तेल

कडुनिंब हे देशावरचं झाड, कोकणाच्या पावसात ते फारसं रुजत नाही. म्हणून निंबाचं तेल येतानाच दुकानातून घेऊन या. खोबरेल मात्र इथलंच, घाण्याचं घ्या. शंभर मिलिलिटर खोबरेलात अर्धा चमचा, म्हणजे दोन-अडीच मिलिलिटर, निंबाचं तेल पुरे. जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही, कातडी मात्र चुरचुरते. वास सहन होत नसेल तर गवती चहाच्या तेलाचे आठ-दहा थेंब टाका. डिसेंबरच्या पहाटे खोबरेल थिजतं, बाटली उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवली की सुटतं.

गवती चहाचं तेल विकतचं नसेल तर घरीच खोबरेलात पाती मुरवता येतात. पाती बारीक चिरून सावलीत एक दिवस सुकवा, नाहीतर पाण्याच्या अंशाने तेल खवट होतं. वाटीत खोबरेल आणि त्यात बुडेल एवढी पाती घालून ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात तासभर ठेवा, तेल उकळू देऊ नका. गाळून बाटलीत भरा. विकतच्या अर्काइतकं ते तीव्र होत नाही, तरी अंगाला लावायला छान.

लावण्यापूर्वी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं चोळून तासभर थांबा. लाल झालं नाही तर घोटे, पोटऱ्या, कोपर, मान आणि कानामागे लावा. डोळ्यांजवळ, जखमेवर आणि तान्ह्या बाळाला नको. बाळासाठी जाळी हाच उपाय. वाळूतल्या चावऱ्या माश्यांवर जाडसर तेलाचा थर विशेष उपयोगी पडतो, एवढ्याशा जिवाला तेलातून चावा घेता येत नाही.

आता खरं ते सांगतो. वनस्पतींच्या तेलांचा वास हवेत उडून जातो, म्हणून त्यांचा परिणाम तास-दोन तासच राहतो. पुन्हा पुन्हा लावावं लागतं. ज्या भागात मलेरिया किंवा डेंग्यूचे रुग्ण आहेत असं गावात कळलं, किंवा सोबत गरोदर बाई, म्हातारं माणूस आहे, तिथे घरच्या तेलावर विसंबू नका. औषधाच्या दुकानातलं डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं क्रीम आणि औषधभारित मच्छरदाणी वापरा. गरोदर बाईसाठी क्रीम घेताना डॉक्टरांना विचारून घ्या. घरगुती उपायांचा मला जिव्हाळा आहे, म्हणूनच त्यांची मर्यादा सांगणं मला गरजेचं वाटतं.

काही गोष्टींवर पैसे आणि वेळ घालवू नका. डास पळवणारा आवाज काढणारी मोबाइल ॲप चालत नाहीत. निळ्या प्रकाशाची विजेची सापळापेटी कडकड आवाज करते, पण तिच्यात मरतात ते बहुतेक निरुपद्रवी पतंग. लसूण खाल्ल्याने डास लांब राहत नाहीत. यीस्ट-साखरेची बाटली ठेवून डास पकडायची युक्ती सगळीकडे फिरते, पण डास ज्या कार्बन डायऑक्साइडच्या वासावर येतात तो चार माणसांच्या श्वासात त्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त असतो. लिंबात लवंगा खोचून ठेवल्या तर वास छान येतो, तेवढंच.

चूल, माश्या आणि मुंग्या

स्वयंपाकाची जागा तंबूपासून किमान वीस पावलं, आणि रात्रीच्या वाऱ्याच्या पुढे, म्हणजे समुद्राच्या बाजूला. मासळी बंदरावरच साफ करून घ्या. ते शक्य नसेल तर खवले-आतडी हातभर खड्ड्यात पुरून वर राख आणि वाळू. उघडी टाकलीत तर माश्या येतील, मागून कुत्री येतील. उष्टं त्याच रात्री आवरायचं, सकाळवर ठेवायचं नाही.

घरमाश्यांसाठी प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा आत बसवा. खाली गुळाचं पाणी, कुजकं केळं किंवा फणसाची चारखंडं, आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि माशी त्यावर उभी राहू शकत नाही, बुडते. सापळा जेवायच्या जागेपासून लांब ठेवा, तो माश्यांना बोलावतो हे विसरू नका. आंब्यावर घोंघावणारी फळमाशी वेगळी. तिच्या नरांना तुळशीच्या चुरगळलेल्या पानांचा वास ओढतो, त्यामुळे भोकं पाडलेल्या बाटलीत तुळस ठेवून बागायतदार तिचा सापळा करतात. तुमच्या आंब्यांसाठी मात्र ओल्या सुती फडक्याने झाकलेली टोपली पुरेशी आहे.

मुंग्यांना पाणी ओलांडता येत नाही. खाण्याच्या डब्यांचं स्टूल घ्या, चारही पायांखाली करवंटी, करवंटीत पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर. हे पाणी रोज ओतून बदलायचं, नाहीतर तिथेच डास वाढायचे. राखेची रेघ कोरडी असेतो चालते, दंव पडलं की संपली. टाकणखार आणि साखरेचं आमिष घरी चांगलं काम करतं, पण त्याला काही दिवस लागतात आणि ते मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाण्याचा धोका असतो. दोन रात्रींच्या मुक्कामात ते करू नका. तांबड्या मुंग्यांच्या वाटेवर तंबूची दोरी आली असेल तर दोरी हलवा, त्यांच्याशी लढू नका. त्या आंबा-काजूवरच्या किडी खातात, बागेला त्या हव्या आहेत.

गोचीड, विंचू आणि जळणाची लाकडं

गुरं जिथे सावलीत बसतात तिथे तंबू नको, गोचीड तिथेच असते. विजार मोज्यात खोचा आणि रानातून आल्यावर काखा, जांघा, कानामागे नीट तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता, सरळ ओढा. रॉकेल, काडी, चुना लावत बसू नका. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीमुळेच पसरतो. त्या भागात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, गावात किंवा आरोग्य केंद्रात कळवा.

जळणाची लाकडं, जांभ्या दगडाचे गडगे आणि सोडणांचा ढीग या विंचवाच्या जागा. हात घालण्यापूर्वी काठीने हलवा. बूट तंबूच्या आत, पिशवीत बांधून ठेवा आणि घालण्यापूर्वी झटका. अतिनील टॉर्च असेल तर तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, झोपण्यापूर्वी एक फेरी मारली की काळजी मिटते. कोकणातला लाल विंचू गंभीर आहे, विशेषतः लहान मुलांसाठी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यावर उपचार शोधला आणि असंख्य जीव वाचले, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. चाव्यानंतर घाम फुटणं, उलटी, हातपाय गार पडणं, छातीत धडधड यांपैकी काही दिसलं तर मंत्र, लेप यांत वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा किंवा १०८ ला फोन करा. कातळावर आणि दगडांच्या आडोशाला फुरसं हा विषारी सापही असतो. तंबूभोवती मीठ किंवा लसूण टाकून साप अडत नाही. बंद चेन, आवरलेला परिसर आणि रात्री पायाखाली टॉर्च, एवढंच खरं संरक्षण.

लाकडं गोळा करताना वेलीवर तपकिरी, लवदार शेंगा दिसल्या तर ती खाजकुयली. तिचे केस अंगाला लागले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला, मग भरपूर पाण्याने धुवा. सुरवंटाच्या केसांनाही हेच.

चावल्यावर

साबण-पाण्याने धुणं ही पहिली पायरी. मग गार पाण्याची घडी. कोकणात अंगावर पित्त उठलं की आमसुलं पाण्यात कोळून लावतात. डासाच्या चाव्यांवरही त्याने गारवा येतो, फक्त खाजवून सोललेल्या कातडीवर लावू नका, झोंबतं. मधमाशीचा काटा राहिला असेल तर नखाने लगेच काढून टाका, किती लवकर काढता याला महत्त्व आहे. गांधीलमाशी काटा सोडत नाही. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडखळू लागला तर थांबू नका, तिथून दवाखान्यात.

निघायच्या सकाळी तंबू उन्हात उलटा करून दंव वाळवा आणि झटकून घडी करा. मीठ लागलेल्या चेनवर घरी गेल्यावर गोडं पाणी ओता, पुढच्या वेळी ती अडकली तर डास आत येतील. करवंट्या, शहाळी पालथी करून ठेवा. आणि घरी परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत थंडी वाजून ताप आला, डोळ्यांमागे दुखू लागलं किंवा अंगावर पुरळ उठलं, तर डॉक्टरांना कोकणात कुठल्या तालुक्यात, कुठल्या तारखांना राहिला होतात ते स्वतःहून सांगा. मलेरियाची, डेंग्यूची तपासणी वेळेत होते, आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे गेला असाल तर माकडतापाचाही विचार होतो.